बफेलोची बागफेरी : फाटके उघडली आणि वस्ती सावरली

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला बफेलो हे शहर आहे. तिथे दरवर्षी जुलै महिन्याच्या अखेरच्या शनिवारी आणि रविवारी तीनशेहून अधिक घरांच्या बागा सर्वांना पाहण्यासाठी खुल्या होतात. तिकीट नसते, नावनोंदणीही लागत नाही. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात हातात नकाशा घेऊन वाटेल त्या रस्त्याला लागावे, फाटकाशी बागफेरीचा फलक दिसला की घराच्या बाजूने मागच्या परसात शिरावे, झाडे पाहावीत, मालकाशी बोलावे आणि पुढच्या घराकडे वळावे. १९९५ साली सुरू झालेला हा ‘गार्डन वॉक बफेलो’ अमेरिकेतील विनामूल्य बागफेऱ्यांमध्ये सर्वांत मोठा मानला जातो. दोन दिवसांत साठ-सत्तर हजार लोक त्यासाठी शहरात येतात. फुलांचे प्रदर्शन भरवणे हा मात्र त्याचा मूळ हेतू नव्हता. ज्या वस्तीकडे लोकांनी पाठ फिरवली होती, तिच्या रस्त्यांवरून त्यांना पुन्हा चालायला लावायचे, एवढ्यासाठी तो सुरू झाला.

या शहराची पडझड मोठी होती. १८२५ साली ईरी कालवा खुला झाल्यापासून बफेलो हे अमेरिकेच्या मध्य भागातले धान्य पूर्व किनाऱ्याकडे पाठवणारे मोठे बंदर होते. वाफेवर चालणारे धान्याचे उंच कोठार १८४०च्या दशकात प्रथम इथेच उभे राहिले. पुढे पोलाद आले, रेल्वे आली, पैसा आला. १९५९ साली सेंट लॉरेन्स जलमार्ग सुरू झाला आणि जहाजे बफेलोला वळसा घालून थेट समुद्राकडे जाऊ लागली. शेजारच्या लॅकवॅना येथील बेथलेहेम कंपनीच्या प्रचंड पोलाद कारखान्याचा बहुतेक भाग १९८३ साली बंद झाला. ज्यांना जमले ते उपनगरांत किंवा दक्षिणेकडच्या राज्यांत निघून गेले. १९५० साली ५,८०,१३२ असलेली लोकसंख्या २०१० साली २,६१,३१० वर आली. साठ वर्षांत निम्म्याहून अधिक शहर रिकामे झाले. बाकीच्या देशाला बफेलो ठाऊक राहिले ते बर्फाच्या वादळांसाठी आणि बंद पडलेल्या कारखान्यांसाठी.

शहराच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मोठी लाकडी घरे अजून उभी होती. नक्षीदार ओसऱ्या, उतरती छपरे आणि रंगीत काचा असलेल्या या घरांची मालकी बदलत गेली, एकेका घरात तीन-तीन, चार-चार भाडेकरू भरले गेले आणि डागडुजी थांबली. तिथे घर घ्यायला लोक कचरत. अशा वेळी नॉर्वुड अव्हेन्यू आणि वेस्ट युटिका स्ट्रीटच्या परिसरात राहणाऱ्या मार्व्हिन लुनेनफेल्ड आणि गेल मॅकार्थी यांनी शिकागोत पाहिलेली बागफेरीची कल्पना आपल्या वस्तीत राबवायचे ठरवले. पहिल्या वर्षी तीसच्या आसपास बागा होत्या आणि त्या सगळ्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या.

या उपक्रमाचे यश त्याच्या नियमांत आहे, आणि मुख्य नियम असा की बागांची निवड होत नाही. ठरलेल्या हद्दीत राहणारा कोणीही आपली बाग नकाशावर घालू शकतो. परीक्षक नाहीत, गुण नाहीत, पहिला-दुसरा क्रमांक नाही. इतर अनेक शहरांत समिती बागा पाहून त्यातल्या उत्तम तेवढ्या निवडते. साहजिकच माळी ठेवणाऱ्या श्रीमंतांच्या बागा पुढे येतात आणि त्या गावभर विखुरलेल्या असल्यामुळे प्रेक्षक गाडीतून एका बागेहून दुसऱ्या बागेला जातो. मधला रस्ता त्याला दिसतच नाही. बफेलोत वीस वर्षांच्या मेहनतीची बाग आणि जिन्याच्या पायऱ्यांवर मांडलेल्या दहा कुंड्या नकाशावर सारख्याच आकाराच्या ठिपक्याने दाखवल्या जातात. त्यामुळे एका रस्त्यावर दहा-बारा घरे सहभागी होतात, आणि पाहणारा बागेबरोबर तो अख्खा रस्ता पाहतो. वस्तीच्या दृष्टीने पाहिले तर हाच फरक निर्णायक आहे.

मराठी घरांत गौरी-गणपतीला जे घडते, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. चार माणसे दर्शनाला येणार म्हटले की भिंतीला रंग लागतो, माळा आवरला जातो, वर्षभर रखडलेला नळ दुरुस्त होतो. बफेलोत जुलैचा तो शनिवार हेच काम करतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळले की घराघरांत तयारी सुरू होते. बाग नीट केली की मागची मोडकी ओसरी डोळ्यांत खुपू लागते, ओसरी दुरुस्त झाली की घराचा उडालेला रंग. मग शेजाऱ्यालाही वाटते, सगळा लोंढा आपल्या दारावरूनच जाणार आहे. तो बागफेरीत नसला तरी निदान गवत कापतो. पुढच्या वर्षी त्याचेही नाव नकाशावर असते. महापालिकेने नोटिसा काढून हे घडवून आणायचे म्हटले असते तर किती वर्षे लागली असती, कोण जाणे.

बफेलोच्या बागांचा एक खास तुकडा म्हणजे पदपथ आणि रस्ता यांच्यामधली दोन-तीन फुटांची पट्टी. जागा सार्वजनिक असते, निगा मात्र समोरच्या घराने राखायची. बहुतेक अमेरिकी शहरांत तिथे वाळके गवत असते, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने माती खराब झालेली असते आणि येणारे-जाणारे ती तुडवतात. त्यामुळे बागकाम करणारे तिला ‘नरकपट्टी’ म्हणतात. बफेलोच्या बागफेरीतल्या रस्त्यांवर या पट्टीत डेलिली, होस्टा, शोभेचे गवत, कुठे कुठे टोमॅटो आणि तुळशीच्या जातीतली बेझिलसुद्धा लावलेली दिसते. घराच्या मागची बाग पाहायला आत जावे लागते, ही पट्टी मात्र वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची. तिथे खुरपे घेऊन बसलेल्या माणसाशी रस्त्याने जाणारा आपोआप चार शब्द बोलतो. दोन घरांसमोरच्या पट्ट्या एकमेकींना भिडल्या की दोन घरांतली माणसेही बोलू लागतात.

भूखंड अरुंद असल्याने मागच्या परसात जागा जेमतेम असते. तिचा उपयोग करण्याची या शहराची स्वतःची रीत तयार झाली आहे. पाडलेल्या घरांचे जुने दरवाजे कुंपण म्हणून उभे करायचे, खिडकीच्या चौकटी भिंतीवर टांगायच्या, ओतीव लोखंडाच्या बाथटबमध्ये कमळे लावायची. जे शहर दशकानुदशके आपली घरे पाडत आले, त्या घरांचे अवशेष त्याच शहराच्या बागांत फुलांमध्ये मांडलेले दिसतात. पाहणाऱ्याला त्यातून बफेलोचा इतिहास कोणत्याही संग्रहालयाइतका नीट कळतो. हवामानाचीही साथ आहे. बर्फासाठी बदनाम झालेल्या या शहरात सरोवराच्या पाण्यामुळे उन्हाळा सौम्य असतो आणि शरदातली थंडी उशिरा येते. जुलैच्या अखेरीस डेलिली आणि हायड्रेंजिया भरात असतात, आणि त्याच सुमारास बाहेरचे लोक बफेलोत येतात. बर्फाखेरीज या शहराला काही आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

येणाऱ्यांत मोठा वाटा सुरुवातीपासून जवळच्या उपनगरांतल्या लोकांचा राहिला. त्यांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा याच रस्त्यांवर वाढले आणि पुढे शहर सोडून गेले. ‘तिकडे रात्री जाऊ नये’ एवढेच त्यांनी ऐकलेले असते. बागफेरीत ते त्या रस्त्यावर तीन-चार तास रमतात, कोणाच्या तरी परसात लिंबू सरबत पितात, घराच्या किमती विचारतात. काही जण पुढे तिथे राहायलाही आले. वस्तीतल्या लोकांवरचा परिणाम तर याहून खोल होता. वर्षानुवर्षे आपला पत्ता सांगताना ओशाळणाऱ्या माणसाच्या दारात हजारो अनोळखी लोक येतात आणि मनापासून कौतुक करून जातात. त्या कौतुकाने माणूस आपल्या रस्त्याची बाजू घ्यायला शिकतो. गल्लीतल्या लोकांनी एकत्र येऊन स्थापन केलेले ‘ब्लॉक क्लब’ बफेलोत आधीपासून होते. बागफेरीने त्यांना दरवर्षी एकत्र येण्याचे निमित्त दिले. देणग्या, प्रायोजक आणि भित्तिपत्रकांच्या विक्रीतून जमणाऱ्या पैशांतून अशा गटांना झाडे लावण्यासाठी, सार्वजनिक जागा सुशोभित करण्यासाठी छोटी अनुदानेही मिळू लागली.

२००७ साली अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशनने देशातल्या दहा उत्तम वस्त्यांची पहिली यादी काढली. तीत बागफेरीच्या क्षेत्रातल्या एल्मवुड व्हिलेजचे नाव होते. हे सगळे श्रेय बागांचे म्हणता येणार नाही. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८६८पासून आखलेली उद्याने आणि वृक्षरांगांचे रस्ते, चालत जाता येतील अशी दुकाने आणि न पाडली गेलेली जुनी घरे हे भांडवल तिथे होतेच. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सत्तर वर्षांत प्रथमच वाढून २,७८,३४९ झाली, त्यामागे मुख्यतः म्यानमार, बांगलादेश आणि इतर देशांतून आलेले निर्वासित आणि स्थलांतरित आहेत. वस्तीकडे असलेले चांगले काही लोकांच्या नजरेस आणून देणे हे बागफेरीचे काम, आणि ते तिने चोख केले.

बागेचे फाटक उघडून लोकांना आत घेण्याची चाल तशी जुनी. इंग्लंडमध्ये १९२७ साली घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी उभारायचा म्हणून ६०९ खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन खुल्या केल्या गेल्या. ‘नॅशनल गार्डन स्कीम’ ही योजना आजही चालते. ती धर्मादाय कामासाठी होती. वस्ती वाचवण्यासाठी बागफेरी हा विचार अमेरिकी शहरांत, साठच्या दशकातल्या पाडापाडीच्या काळात रुजला. शिकागोच्या शेफिल्ड भागात १९६९पासून चालत आलेली बागफेरी रहिवाशांच्या संघटनेने सुरू केली, आणि तिचे उत्पन्न वस्तीच्याच कामांवर खर्च होत आले.

न्यूयॉर्क शहरात मात्र प्रश्न खासगी परसांचा नव्हता. सत्तरच्या दशकात शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये मालक इमारती सोडून जात होते, त्या जळत होत्या, पाडल्या जात होत्या आणि मागे राडारोड्याने भरलेले भूखंड उरत होते. १९७३ साली लिझ क्रिस्टी ही चित्रकार आणि तिचे ‘ग्रीन गुरिला’ नावाचे मित्रमंडळ यांनी बावरी आणि ह्यूस्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा असाच एक भूखंड साफ करून तिथे वाफे घातले. पुढच्या वर्षी महापालिकेने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. तिथून सामुदायिक बागांची लाट उसळली. पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांनी लोअर ईस्ट साइडला स्वतःच्या उच्चारात ‘लोइसायदा’ म्हटले आणि त्या भूखंडांवर मिरची, घेवडा, मका लावून कडेला ‘कासिता’ नावाच्या छोट्या लाकडी झोपड्या बांधल्या. संध्याकाळी तिथे डॉमिनो रंगत, मुलांचे वाढदिवस होत. शहराने १९७८ साली ‘ग्रीनथंब’ हा कार्यक्रम सुरू करून अशा बागांना माती, अवजारे आणि तात्पुरते परवाने दिले.

तात्पुरते हाच शब्द पुढे नडला. बागांमुळे वस्ती सावरली, वस्ती सावरल्यामुळे जमिनीचे भाव चढले, आणि भाव चढल्यावर शहराला ते भूखंड विकावेसे वाटू लागले. या काळात बागफेरीला वेगळेच रूप आले. ‘अर्थ सेलिब्रेशन्स’ या संस्थेने १९९१पासून दर वसंतात लोअर ईस्ट साइडच्या बागांमधून मिरवणूक काढायला सुरुवात केली. रंगीत पोशाख, भलीमोठी बाहुली, ढोल-ताशे असा तो थाट दिवसभर चाले, एका बागेतून दुसऱ्या बागेत जाई आणि प्रत्येक ठिकाणी नाच, गाणे किंवा छोटा विधी होई. ज्यांनी शेजारच्या गल्लीतली बाग कधी पाहिली नव्हती त्यांनी त्या दिवशी डझनावारी बागा पाहिल्या. एकेकटी बाग म्हणजे एक विकण्याजोगा भूखंड. साखळीने जोडलेल्या बागा पाहिल्यावर लोकांना कळले की आपल्या वस्तीला एक विखुरलेले उद्यान आहे आणि ते जाऊ घातले आहे.

१९९९ साली महापौर रुडी जुलियानी यांच्या प्रशासनाने शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. मोर्चे निघाले, धरणी झाली, दावे दाखल झाले. लिलावाच्या तोंडावर, मे महिन्यात, ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ आणि अभिनेत्री बेट मिडलर यांनी स्थापन केलेला ‘न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ या दोन संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या बागा विकत घेतल्या. शहरातल्या सगळ्याच बागा मात्र वाचल्या नाहीत. ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवरची ‘एस्पेरान्सा’ ही वीस वर्षांहून जुनी बाग वाचवण्यासाठी लोकांनी पोर्तो रिकोतल्या कोकी बेडकाच्या आकाराचा मनोरा उभारून त्यात रात्रंदिवस पहारा दिला, तरी फेब्रुवारी २००० मध्ये बुलडोझर आलाच. त्याच दिवशी न्यायालयाने बागा पाडण्याला स्थगिती दिली, पण एस्पेरान्साला तोवर उशीर झाला होता. २००२ साली झालेल्या तडजोडीत सुमारे दोनशे बागांना संरक्षण मिळाले. आज शहरात साडेपाचशेच्या आसपास सामुदायिक बागा ग्रीनथंबशी जोडलेल्या आहेत, आणि त्या हंगामात आठवड्याचे ठरावीक तास सर्वांसाठी उघड्या ठेवाव्या लागतात. अव्हेन्यू सी वर २०१२ साली सुरू झालेले एक छोटे संग्रहालय या बागांच्या फेऱ्याही घडवते. त्या काळात स्वतः राडारोडा उचललेले लोक संग्रहालयाच्या कामात आहेत, हे त्या फेरीचे खरे मोल.

बागांनी वस्ती सुधारते या म्हणण्याला अभ्यासाचाही आधार आहे. न्यूयॉर्कच्या सामुदायिक बागांवरचे व्होइकू आणि बीन यांचे २००८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते की बाग सुरू झाल्यावर हजार फुटांच्या आतल्या मालमत्तेचे मूल्य वाढते, आणि सर्वांत गरीब वस्त्यांत ही वाढ सर्वाधिक असते, पाच वर्षांत ९.४ टक्के अंकांपर्यंत. फिलाडेल्फियात ५४१ मोकळ्या भूखंडांवर झालेला प्रयोग अधिक काटेकोर होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे भूखंड निवडून काही साफ केले, गवत आणि थोडी झाडे लावली, काही तसेच ठेवले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरव्या केलेल्या भूखंडांभोवती दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटला, आणि आसपासच्या रहिवाशांत उदास वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी उतरले. त्या भूखंडांभोवतीचे लाकडी कुंपण मुद्दाम ठेंगणे होते आणि त्यात जागोजागी मोकळी वाट सोडली होती. ट्रकने येऊन कचरा टाकता येऊ नये, पण माणसाला सहज आत जाता यावे, अशी ती रचना. बफेलोच्या उघड्या फाटकामागेही हाच विचार आहे.

आता अडचणींकडे. बफेलोत मेन स्ट्रीट ही शहराची दुभंगरेषा आहे. तिच्या पूर्वेला मुख्यतः कृष्णवर्णीय वस्ती. ओल्मस्टेड यांनी आखलेला हम्बोल्ट पार्कवे हा झाडांच्या रांगांचा रुंद रस्ता साठच्या दशकात उखडून तिथे केन्सिंग्टन एक्स्प्रेसवे खणला गेला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. बागफेरीची हद्द अनेक वर्षे प्रामुख्याने पश्चिमेकडे राहिली, त्यामुळे तिचा लाभही तिकडेच साचला. अलीकडच्या वर्षांत पूर्व भागाची स्वतंत्र बागफेरी सुरू झाली आहे. तिच्या नकाशावर घरगुती बागांबरोबर सामुदायिक बागा आणि भाजीपाल्याची शहरी शेतेही आहेत. यातल्या बऱ्याच बागा रिकाम्या झालेल्या भूखंडांवर उभ्या आहेत, आणि ‘ग्रासरूट्स गार्डन्स’सारखी संस्था त्यांच्यासाठी शहराकडून जमीन भाडेपट्ट्याने मिळवते. मे २०२२ मध्ये जेफरसन अव्हेन्यूवरच्या टॉप्स सुपरमार्केटमध्ये वर्णद्वेषी हल्लेखोराने दहा कृष्णवर्णीयांची हत्या केली. दुकान दोन महिने बंद राहिले, तेव्हा त्या भागात ताजी भाजी मिळण्याची दुसरी मोठी जागाच नाही हे सगळ्या देशाला कळले. अशा ठिकाणी बागेत पिकलेल्या कोबी-टोमॅटोचे मोल डेलिलीच्या ताटव्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि तिथली बागफेरीही त्याच मापाने जोखली पाहिजे.

दुसरी अडचण किमतींची. वस्ती सुधारली की घरभाडे वाढते, आणि ज्या भाडेकरूंनी बाग फुलवली त्यांनाच तिथे राहणे परवडत नाही. लोअर ईस्ट साइडमध्ये हे घडले. शिकागोचा शेफिल्ड भाग तर आज त्या शहरातल्या महागड्या वस्त्यांपैकी आहे. बफेलोतही पश्चिमेकडची घरे आता पूर्वीसारखी स्वस्त उरलेली नाहीत. यावर निदान बागांच्या जमिनीपुरता एक उपाय निघाला. न्यूयॉर्कमध्ये ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ने आपल्याकडच्या बागा पुढे मॅनहॅटन, ब्राँक्स आणि ब्रुकलिन-क्वीन्स अशा तीन भू-न्यासांच्या हवाली केल्या. त्यांचा कारभार बागकाम करणाऱ्यांकडेच आहे, त्यामुळे त्या जमिनी पुन्हा बाजारात येण्याची भीती उरलेली नाही. घरांसाठी असेच न्यास उभारून वस्तीतली काही घरे कायम परवडणाऱ्या किमतीत ठेवण्याचे प्रयत्न बफेलोच्या पूर्व भागातही चालू आहेत. हे काम संथ आहे, खर्चाचे आहे आणि बागफेरीइतके देखणे तर मुळीच नाही. पण बागफेरी आखणाऱ्यांनी ते पहिल्या वर्षापासून बरोबर घ्यायला हवे, कारण किमती एकदा चढल्या की न्यासाला घर घेणे परवडेनासे होते.